रॉकमधली डोक्यावर घेतलेली आणि कोपऱ्यात राहिलेली गाणी: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव. रॉक ऐकणारी माणसं आपल्याकडे चार-दोन करून विखुरलेली आहेत, पण जिथे भेटतात तिथे प्रश्न तेच निघतात. गिटार क्लासच्या पायऱ्यांवर निघतात, टपरीवर निघतात, आणि एकदा तर भरीत पार्टीत भरीत पानात पडायच्या आधी निघाले. म्हणून उत्तरं लिहूनच ठेवतो. आवडीनिवडीवरून भांडायला पूर्ण मोकळीक आहे, सालांवरून नाही.

ओव्हररेटेड म्हणजे वाईट का?

नाही. एखादं गाणं इतकं वाजतं की त्या बँडचं बाकीचं काम त्याच्या मागे दिसेनासं होतं. इथे ओव्हररेटेड म्हणतोय ते त्याला. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाईट आहे असं म्हणणारा भेटला तर मी वाद घालत नाही, चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

उलट बाजूही सांगून ठेवतो. कमी ऐकलेलं सगळंच अंडररेटेड नसतं. पुष्कळ गाणी कमी ऐकली जातात कारण ती तेवढीच असतात.

आपल्याकडे नेमकी हीच दहा-पंधरा गाणी का गाजली?

कारण रॉक आपल्याकडे अल्बम म्हणून आलंच नाही, सुटं सुटं आलं. ऐंशीच्या दशकात कुणाचा तरी मोठा भाऊ पुण्या-मुंबईला इंजिनिअरिंगला असायचा. तो दिवाळीत येताना नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणायचा. त्यात त्याने, किंवा त्याच्या रूममेटने, निवडलेली गाणी असायची. १९९१ साली स्टारबरोबर एमटीव्ही केबलवर आलं आणि ज्या गाण्याचा व्हिडिओ ते गाणं मोठं, असा हिशेब सुरू झाला. मग आल्या एमपीथ्री सीडी. एका सीडीत दीडशे गाणी, फोल्डरचं नाव ‘रॉक हिट्स’, गाण्यांची नावं अर्धवट कापलेली, आणि निम्म्या गाण्यांवर बँड भलताच. ट्रेसी चॅपमनचं गाणं बॉब मार्लेच्या नावावर ऐकत मोठी झालेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे.

या सगळ्या चाळण्यांतून जे खाली आलं त्याचा एक साचा आहे. सुरुवात हळू, ध्वनिमुद्रण स्वच्छ, मधे प्रेम किंवा विरह, शेवटी लांबलचक सोलो, आणि गिटारवर मोजक्या कॉर्डमध्ये बसणारं. ‘विंड ऑफ चेंज’, ‘नथिंग एल्स मॅटर्स’, ‘नोव्हेंबर रेन’, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ एकापाठोपाठ लावून बघा. चार वेगळ्या बँडची गाणी आहेत, पण निवडणारा हात एकच वाटतो. आपली आवड म्हणून आपण जी यादी छातीठोकपणे सांगतो ती बरीचशी त्या कॅसेट भरणाऱ्या रूममेटची आवड आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि खालची बहुतेक उत्तरं त्याच धाग्यावर चालतात.

मग ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं काय करायचं?

ऐकायचं, पण अल्बमसकट. ‘ईगल्स’ बँडचा हा अल्बम डिसेंबर १९७६ मधला. शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटार एकमेकींना सवाल-जवाब करतात, त्याला तोड नाही. आपल्याकडे पुष्कळांच्या डोक्यात मात्र १९९४ ची अकूस्टिक आवृत्ती पक्की बसली आहे आणि मूळ ऐकवलं की ते म्हणतात, ‘हे कुणी रिमिक्स केलं?’

या गाण्याने अल्बमचं शेवटचं गाणं खाऊन टाकलं. ‘द लास्ट रिसॉर्ट’. सात मिनिटांहून मोठं, पियानोवर सुरू होणारं. माणसं चांगली जागा शोधत येतात, तिला स्वर्ग म्हणतात, आणि वस्ती करता करता तिची वाट लावतात, अशी ती गोष्ट. डॉन हेन्लीने यात जे लिहिलंय ते ‘हॉटेल’पेक्षा जास्त कडू आणि जास्त सरळ आहे.

दुसरं, ‘जर्नी ऑफ द सॉर्सरर’. १९७५ च्या ‘वन ऑफ दीज नाइट्स’मधलं, शब्दच नाहीत, बर्नी लेडनचा बँजो आणि मागे व्हायोलिनं. इथे गैरसमज नको: आपल्या लग्नातला बेंजो वेगळा. तो टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजतो आणि कर्ण्यातून बाहेर येतो. हा अमेरिकन, चामड्याच्या तोंडाचा, बोटांनी छेडायचा. पण तुम्ही बेंजो पार्टीपुढे नाचून मोठे झाला असाल तर तारेचा तो खणखणाट कानाला अजिबात परका वाटणार नाही. तुमच्या ‘ईगल्स’च्या यादीत हे नसेल तर यादी अर्धी आहे.

पिंक फ्लॉइडमध्ये काय ओव्हररेटेड? ‘डार्क साइड’ म्हणालात तर बघा.

नाही म्हणत. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ ला आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९८८ पर्यंत ७४१ आठवडे राहिला. इतका गाजूनही तो अल्बम गाजण्यापेक्षा मोठा आहे. असं फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येतं.

ओव्हररेटेड आहे ते ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग, आणि तोही एकटा वाजवला तर. दहावीच्या निरोप समारंभात बाकं बडवत म्हणायचं गाणं होऊन बसलंय ते. लंडनच्या इझ्लिंग्टन ग्रीन शाळेच्या मुलांनी म्हटलेला कोरस मस्तच आहे. पण ‘द वॉल’मध्ये त्याच्या आधी ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ येतं, हेलिकॉप्टरचा आवाज येतो, मास्तर ओरडतो, आणि मग ते सुरू होतं. ती चढण कापून टाकली की उरते फक्त घोषणा.

कोपऱ्यात राहिलाय तो ‘अ‍ॅनिमल्स’, १९७७. पाचच गाणी, त्यातलं ‘डॉग्ज’ सतरा मिनिटांचं. रेडिओवर लावता येत नाही, एमपीथ्री सीडीत एका गाण्याने चार गाण्यांची जागा खाल्ली असती, आणि ‘डॉग्ज’मध्ये डेव्हिड गिल्मरच्या गिटारी आहेत पण सोबत गुणगुणायला धड एक ओळ नाही. कव्हरवर बॅटरसी वीज केंद्राच्या धुराड्यांमध्ये तरंगणारं डुक्कर आहे. फोटो काढताना, डिसेंबर १९७६ मध्ये, ते फुग्याचं डुक्कर दोर तुटून उडालं आणि केंट परगण्यात जाऊन पडलं. दीपनगर वीज केंद्राची धुराडी बघत वाढलेल्या भुसावळच्या पोरांना हे कव्हर समजावून सांगावं लागत नाही.

आणि ‘विश यू वेअर हिअर’बद्दल एक सूचना, कारण हे आपल्याच भागात होतं. गाण्याची सुरुवात मुद्दाम रेडिओवर लागल्यासारखी केली आहे: स्टेशन बदलल्याची खरखर, बारीक आवाजातली बारा तारांची गिटार, कुणीतरी खोलीत बसून ऐकतंय, आणि मग तोच माणूस आपली गिटार उचलून त्या रेडिओतल्या गिटारला साथ देतो. दुसरी गिटार एकदम जवळ, पूर्ण आवाजात येते. त्या दोन आवाजांमधल्या अंतरातच सगळं गाणं आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला, खोलीत कूलर घरघरतोय, पंपाचं पाणी पडतंय. अशात पहिली गिटार ऐकूच येत नाही. लोक एक मिनिट पुढे ढकलून गाणं ‘सुरू करतात’ आणि म्हणतात ठीक आहे. चार मिनिटं कूलर बंद ठेवा. घाम येईल, मरणार नाही.

‘इकोज’ ऐकायला वेळ कुठून आणायचा?

जळगावहून भुसावळला जाताना. पिंक फ्लॉइडच्याच ‘मेडल’ अल्बमची अख्खी दुसरी बाजू म्हणजे हे एक गाणं, १९७१ मधलं, साडेतेवीस मिनिटांचं. एक्सप्रेस गाडीला लागणारा वेळ जवळपास तेवढाच. भुसावळच्या आउटरला गाडी उभी राहिली, आणि ती राहतेच, तर दुसऱ्यांदा लावा. चाळीसगाव-धुळे गाडीत ‘अ‍ॅनिमल्स’ संपूर्ण बसतो.

‘स्टेअरवे टू हेवन’ खरंच इतकं मोठं आहे?

आहे. आठ मिनिटांचं गाणं एकदाही मागे न वळता चढत जातं, अशी बांधणी सोपी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्याच अल्बमच्या, म्हणजे १९७१ च्या ‘लेड झेपलिन’च्या चौथ्या अल्बमच्या, शेवटी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ आहे आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

मूळ ब्लूज गाणं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. झेपलिनने ते हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इमारतीत मुद्रित केलं. जॉन बोनहॅमचे ड्रम खाली दिवाणखान्यात जिन्यापाशी ठेवले आणि माइक वरच्या मजल्यावरून टांगले. त्यामुळे काठी चामड्यावर पडल्याचा आवाज येतो तसा त्या उंच जिन्याचाही आवाज येतो. जोडीला बोनहॅमचा हात, जो घाई म्हणून करत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीला रात्री लांबून मोठे ढोल ऐकले असतील, ठोका आधी पोटात आणि मग कानात, तर या गाण्याचे पहिले पाच सेकंद तुम्हाला जळगावच्या कुठल्याही गिटारवाल्यापेक्षा लवकर कळतील. नंदुरबारकडच्या पोरांना मी पहिलं गाणं नेहमी हेच ऐकवतो.

अल्बम म्हणाल तर ‘प्रेझेन्स’, १९७६. आदल्या वर्षी ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर गाडीला अपघात होऊन रॉबर्ट प्लँट जखमी झाला होता. म्युनिकमध्ये व्हीलचेअरवर बसून त्याने हा गायला आणि काही आठवड्यांत काम उरकलं. की-बोर्ड नाहीत, परीकथा नाहीत. ‘अकिलीज लास्ट स्टँड’ दहा मिनिटं धावत सुटतं. उरलेल्या अल्बममध्ये दोन गाणी कंटाळवाणी आहेत, तेही कबूल.

झेपलिन मुंबईला येऊन गेले होते ही अफवा आहे का?

अफवा नाही. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा मुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ‘फ्रेंड्स’ची ती आवृत्ती ऐकाच.

बीटल्समध्ये आपल्यासाठी काही राहून गेलंय का?

राहून गेलंय, आणि गंमत म्हणजे जे आपल्या सर्वांत जवळचं तेच. ‘रिव्हॉल्व्हर’, १९६६, त्यातलं ‘लव्ह यू टू’. तबला अनिल भागवत यांचा. बीटल्सच्या अल्बमच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव छापलं जाणं त्या काळी दुर्मिळ होतं, तिथे हे मराठी वळणाचं नाव छापलेलं आहे. मी हे सांगितलं की लोक फोन काढून खात्री करतात. करा.

दुसरं ‘द इनर लाइट’. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून याचं संगीत वाजवून घेतलं, आवाज नंतर लंडनला भरला. शब्द चिनी ‘ताओ ते चिंग’वर बेतलेले. ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते छापलं गेलं, म्हणजे जन्मतःच मागच्या बाकावर. अडीच मिनिटांत संपतं. त्यातली बासरी ऐकून एका काकांनी मला विचारलं होतं, हे कुठल्या मराठी चित्रपटातलं?

ओव्हररेटेड म्हणून माझं मत: ‘सार्जंट पेपर’, १९६७. ऐतिहासिक आहे, मान्य, पण गाण्यामागून गाणं लावून तुलना केली तर ‘रिव्हॉल्व्हर’ सरस. आणि ‘सार्जंट पेपर’मधलं ‘विदिन यू विदाउट यू’ गोऱ्यांनी कंटाळून पुढे ढकललं तर समजू शकतो, आपण का ढकलतो?

‘बोहेमियन रॅप्सडी’ला काही बोलायचं नाही, फ्रेडी आपला माणूस आहे.

‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड केला, त्या नात्याने आपलाच. पण त्याच ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’मध्ये, १९७५ च्या, ‘द प्रॉफेट्स साँग’ आहे. ब्रायन मेचं, आठ मिनिटांहून मोठं. मध्यावर वाद्यं थांबतात आणि फ्रेडीचा एकच आवाज त्याच्याच आवाजाच्या पाठीमागून पुन्हा पुन्हा येत राहतो. हेडफोन लावूनच ऐका, एका कानातून दुसऱ्या कानात फिरतो.

मेटॅलिकाचा ‘ब्लॅक अल्बम’ सर्वांत भारी ना?

सर्वांत खपलेला. १९९१ चा. ‘सॅड बट ट्रू’ आजही भिंती हलवतं. पण ‘नथिंग एल्स मॅटर्स’ आणि ‘द अनफर्गिव्हन’ ऐकून मेटॅलिका झाली असं समजणाऱ्यांनी मेटॅलिकाला दुरूनच पाहिलंय.

खरी दुर्लक्षित चीज १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’च्या शेवटाकडे आहे: ‘टू लिव्ह इज टू डाय’. बेस वाजवणारा क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून गेला. त्याने मागे ठेवलेल्या तुकड्यांतून हे गाणं जोडलं आहे, जवळजवळ दहा मिनिटं, मधे एक छोटं कवन आणि बाकी नुसती वाद्यं. याच अल्बममध्ये क्लिफच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस इतका खाली दाबलाय की शोधावा लागतो. तुमच्या स्पीकरचा दोष नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जाऊन वूफर बदलून काही होणार नाही.

‘सेंट अँगर’ अंडररेटेड आहे का, असाही प्रश्न येतो. नाही. तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजणारा स्नेअर ड्रम आम्ही सगळ्यांनी ऐकलाय.

‘नोव्हेंबर रेन’?

व्हिडिओने मोठं केलेलं. १७ सप्टेंबर १९९१ ला ‘गन्स अँड रोझेस’च्या ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन भाग एकाच दिवशी आले. पहिल्यात ‘नोव्हेंबर रेन’, दुसऱ्यात ‘एस्ट्रेंज्ड’. ते त्याहूनही लांब, नऊ मिनिटांवर, ध्रुवपद नाही, परत परत येणारी ओळ नाही, त्यामुळे गर्दीत गाता येत नाही. स्लॅशची गिटार मात्र इथे जास्त हळवी आहे. दोन्ही सलग लावा आणि ठरवा.

‘विंड ऑफ चेंज’ची शिट्टी मला येते. स्कॉर्पियन्सचं आणखी काय?

शिट्टी सगळ्यांनाच येते, हीच अडचण आहे. १९८९ च्या मॉस्कोतल्या मैफलीनंतर क्लाउस मायनेने ते लिहिलं, १९९० ला आलं, आणि जर्मनीतल्या एका कडक बँडची ओळख हळुवार गाण्यांचा बँड अशी होऊन बसली. १९७७ चं ‘द सेल्स ऑफ कॅरन’ ऐका. उली जॉन रॉथची गिटार, आणि सूर असे की पहिल्या आलापीला एखादा राग ओळखायचा मोह होतो. मग १९७९ चा ‘लव्हड्राइव्ह’.

आम्ही लिंकिन पार्कवाले. आमच्या पिढीला काही आहे की नाही?

आहे. ‘इन द एंड’ बाजूला ठेवा, २०१० चा ‘अ थाउजंड सन्स’ घ्या. आला तेव्हा जुने चाहते चिडले, गिटार कुठे गेल्या म्हणाले. अणुबॉम्बच्या सावलीतला अल्बम आहे. ‘द रेडियन्स’मध्ये ओपनहायमरचा स्वतःचा आवाज आहे, ‘मी काळ झालो आहे’ हे गीतेचं वाक्य सांगतानाचा. अल्बमचं नावही अकराव्या अध्यायातल्या ‘दिवि सूर्यसहस्रस्य’पाशी जातं. गावातल्या पारायणात हा अध्याय कानावर पडलेला असेल तर कॅलिफोर्नियाच्या पोरांनी त्याचं काय केलं ते ऐकणं मजेचं आहे. सुटी गाणी वाजवलीत तर काहीच हाती लागणार नाही, सलग पाऊण तास द्यावा लागेल.

कोल्डप्ले रॉक आहे का?

पहिले दोन अल्बम, हो. २००२ च्या ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’चं पहिलं ‘पॉलिटिक’ आणि शेवटचं ‘अ‍ॅम्स्टरडॅम’ ऐका. जानेवारी २०२५ ला नंदुरबारची बरीच पोरं सुरतवरून अहमदाबादला कोल्डप्लेच्या मैफलीला गेली होती. तिथे ‘यलो’वर रडली, छान झालं.

भारतीय बँडमध्ये कोण?

इथे जरा थांबतो, कारण हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे.

‘इंडियन ओशन’चा ‘कंदीसा’ २००० साली आला. त्याचं शीर्षकगीत, एक प्राचीन सिरियाक प्रार्थना, हॉस्टेल-हॉस्टेलमध्ये वाजलं, आणि योग्यच वाजलं. पण त्याच अल्बममध्ये ‘मा रेवा’ आहे. रेवा म्हणजे नर्मदा. महाराष्ट्रात नर्मदा ५४ किलोमीटर वाहते आणि ती सगळी नंदुरबार जिल्ह्याच्या वरच्या काठाने, अक्राणी आणि अक्कलकुव्याकडून. बँडचा बेस वाजवणारा राहुल राम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ता होता. महाराष्ट्रात बुडिताची पहिली झळ लागलेलं मणिबेली हे अक्कलकुव्यातलंच, तेव्हा धुळे जिल्हा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला.

नदीला आई म्हणून हाक मारणारं लोकगीत, खाली राहुलचा बेस, सुस्मित सेनची ती तुटक-तुटक, सतारीच्या अंगाने जाणारी गिटार, आणि असीम चक्रवर्तीचा आवाज व तबला. असीम २००९ मध्ये गेले. खान्देशात हे गाणं आपलं म्हणून वाजायला हवं होतं. मी ते इथल्या एकाही गणपती मंडळात, एकाही गॅदरिंगला ऐकलेलं नाही. दिल्लीच्या बँडने आपल्या नदीचं गाणं केलं आणि आपण ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’ बसवत राहिलो.

आणखी एक, सीमेपलीकडचं. ‘जुनून’चं ‘सयोनी’ १९९७ च्या ‘आझादी’तलं, सगळ्यांना पाठ. १९९९ चा ‘परवाज’, बुल्लेशाहच्या कवितांवरचा, कुणी काढून बघत नाही. बघा.

‘अ‍ॅनिमल्स’, ‘प्रेझेन्स’, ‘मा रेवा’... जाणकारांना हे सगळं माहीत असतं. यात अंडररेटेड काय?

बरोबर आहे. लंडनच्या कुठल्याही दुकानात ‘अ‍ॅनिमल्स’ला दुर्लक्षित म्हणालात तर हसतील. अनोळखी बँडच्या शंभर प्रती निघालेल्या रेकॉर्डी सांगून भाव खाता येतो, पण प्रश्न आवडत्या बँडचा आहे. ज्याच्या टी-शर्टवर झेपलिन आहे आणि फोनमध्ये झेपलिनची फक्त तीन गाणी, त्याच्यासाठी हे लिहिलंय.

लग्नाच्या डीजेवर रॉक चालेल का?

‘वी विल रॉक यू’ चालतं. कारण त्यात ड्रम नाहीतच, पाय आपटणं आणि टाळ्या, शेवटी तेवढी गिटार. हळदीला दोनदा वाजलेलं पाहिलंय. एसी/डीसीचं ‘थंडरस्ट्रक’ पहिलं दीड मिनिट, मग कुणीतरी येऊन खान्देशी गाणं लावा म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं.

‘हाऊ गोंगाट कसाले ऐकस रे भो?’

हा प्रश्न घरातून येतो, बहुधा मामांकडून. त्यांना ‘द लास्ट रिसॉर्ट’ लावून द्या आणि अर्थ अहिराणीत सांगा. शेतजमिनीचे प्लॉट पडताना ज्यांनी पाहिलेत ते गप्प ऐकून घेतात. मेटॅलिका मात्र मामांच्या वाट्याला जाऊ देऊ नका.

क्लासमध्ये पहिलं ‘स्मोक ऑन द वॉटर’च शिकवतात. दुसरं काही नाही का?

‘डीप पर्पल’चं ते गाणं शिकवायला हरकत नाही, पण नीट शिकवा. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोतला कॅसिनो फ्रँक झापाच्या मैफलीत जळाला, धूर तळ्यावर पसरला, त्याची ती गोष्ट. बँडचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर सुरुवातीचा तो तुकडा दोन-दोन तारा एकाच वेळी बोटांनी ओढून वाजवतो. आपल्याकडे सगळे प्लेक्ट्रमने खरडतात आणि मग ते जड, मातकट ऐकू येतं. त्याच ‘मशीन हेड’मधलं ‘पिक्चर्स ऑफ होम’ कुणी उघडत नाही. त्यात रॉजर ग्लोव्हरला बेसवर एकट्याने वाजवायची संधी मिळाली आहे.

बोटं दुखतात, तार दाबली जात नाही. काय करू?

ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्रा कारखान्यात यंत्रात हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या, आणि पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’साठी तारा दीड सूर सैल केल्या. त्यातून तो काळाकुट्ट आवाज निघाला. तुम्ही एमआयडीसीत कामाला असाल आणि गिटारही शिकत असाल तर हातमोजे घाला, आधी ते. मग दुकानातून नंबर नऊचा बारीक तारांचा सेट मागा, सगळ्या तारा दीड सूर खाली आणा आणि ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ बसवा. ‘पॅरानॉइड’ नंतर.